गावाच्या सांडपाण्याला कोणता प्लांट घ्यावा? आधी वीज गेल्यावर काय होईल ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: उमरेडच्या पलीकडचं नऊ हजार वस्तीचं गाव, गावात उघड्या नाल्या, बहुतेक घरी सेप्टिक टँक, सगळं सांडपाणी शेवटी गावाखालच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावात जातं, मागच्या उन्हाळ्यात तलावातले मासे मेले, मच्छीमार सोसायटीनं ग्रामपंचायतीला अर्ज दिला आणि आता एका कंपनीनं 1 एमएलडीचा म्हणजे दिवसाला दहा लाख लिटरचा एमबीबीआर (यंत्रानं हवा देऊन चालणारा) प्लांट सुचवलाय. तुम्ही सदस्य म्हणून विचारताय की हा घ्यावा का, की दुसरी कोणती टेक्नॉलॉजी जास्त चांगली.

मी केमिस्ट आहे. नागपूर आणि आजूबाजूच्या सांडपाणी प्लांटवर बावीस वर्षं झाली, आधी लॅबमध्ये नमुने तपासत होते आणि नंतर प्लांट चालवायची जबाबदारी आली. डिझाइन करणारे इंजिनियर वेगळे असतात, पण रात्री दोनला ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद पडला की फोन आम्हाला येतो. त्यामुळे मी जे सांगते ते चालवणाऱ्याच्या बाजूनं.

"कोणती टेक्नॉलॉजी चांगली" या प्रश्नाला खरं उत्तर नाही, कारण कागदावर सगळ्याच पास होतात. एमबीबीआर वाईट नाही, एसबीआर (हवेवरच चालणारा दुसरा प्रकार) वाईट नाही, मी दोन्ही चालवलेत आणि दोन्हीतून स्वच्छ पाणी काढलंय. लहान गावानं विचारायचं ते वेगळं. वीज गेली, मोटर जळली, ऑपरेटर बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गेला, तर हा प्लांट किती वेळ तग धरतो? काही प्लांट तासांमध्ये बिघडतात, काही महिन्यांमध्ये. मोठ्या शहरात तासांत बिघडणारा चालतो कारण तिथे शिफ्टला माणसं असतात, जनरेटर असतो, स्टोअरमध्ये स्पेअर असतं. तुमच्या गावासाठी मी डोळे मिटून हळू बिघडणारा प्लांट निवडीन, थोडी जास्त जागा गेली तरी.

पण त्याच्याही आधी पाणी मोजा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि बहुतेक जण सोडून देतात.

कंपनीनं 1 एमएलडी कुठून आणलं ते बघा. नऊ हजार माणसं, माणशी 135 लिटर पाणी, त्याच्या 80 टक्के सांडपाणी, गुणाकार केला की 9 लाख 72 हजार लिटर येतं, झालं 1 एमएलडी. पण 135 लिटर हा आकडा पूर्ण भूमिगत गटार असलेल्या शहराचा आहे. तुमच्याकडे जल जीवन मिशनची योजना आहे, ती माणशी 55 लिटरची. तोच गुणाकार 55 नी केला तर साधारण 4 लाख लिटर होतात. म्हणजे जे लागतं त्याच्या अडीच पट मोठा प्लांट तुम्हाला विकला जातोय, आणि मोठा घेतला तर पुढे कामी येईल असं सांडपाण्यात नसतं, कारण यात जिवंत बॅक्टेरिया असतात, त्यांना रोज पुरेसं खायला लागतं, टाकी मोठी आणि पाणी कमी असलं की ते उपाशी मरतात आणि ब्लोअरचं बिल मात्र मोठ्या टाकीचंच येतं.

आणि हे 4 लाखसुद्धा कागदावरचंच आहे. उघड्या नालीतलं पाणी मुरतं, उडतं, कोणी परसातल्या भाजीला वळवून घेतं. म्हणून मोजायचं. याला खर्च नाही, पत्र्याची एक व्ही-नॉच बनवून घ्या, गावातला वेल्डर तासाभरात करून देईल. 90 अंशाचा व्ही कापलेला पत्रा नालीत आडवा बसवायचा, कडेनं चिकणमाती लावून बंद करायचं, म्हणजे सगळं पाणी व्हीमधूनच पडलं पाहिजे. मग पत्र्याच्या दोन-तीन फूट मागे एक पट्टी उभी करायची, तिचा शून्य व्हीच्या टोकाच्या लेव्हलला. पट्टीवर 7 सेंटीमीटर दिसलं तर सेकंदाला साधारण 1.8 लिटर, 10 सेंटीमीटर असलं तर 4.4 लिटर, 15 असलं तर 12 लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीच्या वर जातं हे लक्षात ठेवा, म्हणून पट्टी काळजीपूर्वक वाचायची, अर्ध्या सेंटीमीटरनं फरक पडतो.

दर तासाला एक रीडिंग, पूर्ण चोवीस तास, असे निदान तीन दिवस, त्यातला एक बाजाराचा दिवस. रात्रीचं रीडिंग सोडू नका. एका गावात आम्ही जानेवारीत असंच बसलो होतो, शेकोटी आणि टॉर्च घेऊन. सकाळी साडेसहाला पाणी चढायला लागलं, आठला सगळ्यात जास्त, दुपारी उतरलं, संध्याकाळी परत थोडं. पण रात्री तीन वाजतासुद्धा पट्टीवर सहा सेंटीमीटर होतं आणि पाणी एवढं नितळ की तळाची वाळू दिसत होती. रात्री तीनला नालीत नितळ पाणी वाहतंय म्हणजे ते कोणाच्या आंघोळीचं नाही. सकाळी शोधलं तर टाकीखालचा व्हॉल्व्ह गळत होता, पिण्याचं पाणी रात्रभर नालीत. तो व्हॉल्व्ह बदलला आणि प्लांटचा साइज तिथेच कमी झाला.

त्याच चोवीस तासांत दर तासाला अर्धा लिटर पाणी एका कॅनमध्ये जमा करत जा, बर्फात ठेवा आणि ते एकत्र केलेलं पाणी चांगल्या लॅबला द्या. बीओडी, सीओडी (रसायनानं मोजलेली घाण), टीएसएस (पाण्यात तरंगणारे कण), अमोनिया, फॉस्फेट आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले बॅक्टेरिया) एवढं करून घ्या. फक्त कोलिफॉर्मची बाटली वेगळी, लॅबनं दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरायची आणि ती शेवटच्या तासाला एकदाच भरायची. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खायला बॅक्टेरियाला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. आपल्याकडे ही टेस्ट 27 डिग्रीला तीन दिवस ठेवून करतात, त्यामुळे रिपोर्ट लगेच मागू नका. जो लगेच देतो त्यानं टेस्ट केलेली नसते.

आता वीज गेल्यावर काय होतं ते सांगते. एमबीबीआरमध्ये प्लास्टिकचे छोटे छोटे चाकासारखे तुकडे पाण्यात तरंगत फिरत असतात, त्यांच्यावर बॅक्टेरियाचा थर वाढतो आणि खालून ब्लोअर हवा सोडतो. तुमच्या 4 लाख लिटरमध्ये बीओडी 250 मिलिग्रॅम धरला तर दिवसाला 100 किलो घाण झाली, तिला नुसती हवा द्यायला दिवसाला 120 ते 150 युनिट वीज लागते, पंप वेगळे. युनिट 8 रुपये धरा, महिन्याला 30-35 हजार फक्त हवेचे. हवा बंद झाली की काही तासांतच टाकीतला ऑक्सिजन संपतो, एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं आणि सडक्या अंड्याचा वास सुरू होतो, आणि वीज परत आली तरी प्लांट लगेच परत येत नाही, चांगला थर बसायला दोन-तीन आठवडे जातात.

हे मी डोळ्यानं पाहिलंय. एका गावात (नाव सांगत नाही) जून महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला, अकरा दिवस लाइन नाही, जनरेटर होता पण डिझेलला पैसे नव्हते. प्लांट चालवायचं कंत्राट ज्याच्याकडे होतं त्यानं बायपासचा गेट उघडला आणि सगळं पाणी सरळ नाल्यात सोडलं. मला नंतर तपासणीला बोलावलं. रजिस्टर उघडलं तर त्या अकराही दिवसांचा ऑक्सिजन 2.1 लिहिलेला, एकाच पेननं, एकाच बैठकीत, शून्य इकडचा तिकडे नाही. टाकीच्या काठावर हात ठेवला तर बोटाला वाळलेला काळा थर लागला. खाली नाल्याच्या काठानं बायका कपडे धूत होत्या. त्या दिवसापासून मी गावाच्या प्लांटकडे याच नजरेनं बघते, की हा बंद पडेल तेव्हा कोणाला कळेल आणि किती दिवसांनी.

मग तुमच्यासाठी काय? जागा मिळाली तर तळी. इंजिनियर त्याला स्टॅबिलायझेशन पॉण्ड म्हणतात, जुनी पद्धत आहे, आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत (1958 ला सुरू झाली तेव्हा नाव सीफेरी होतं) यावर सुरुवातीपासून काम झालंय, आणि विदर्भाचं ऊन या पद्धतीला जितकं मानवतं तितकं कुठलं यंत्र मानवत नाही. पहिलं तळं खोल, तीन मीटरच्या आसपास, त्यात पाणी एक-दोन दिवस राहतं, गाळ बसतो आणि हवेशिवाय जगणारे बॅक्टेरिया अर्ध्याहून जास्त घाण संपवतात. दुसरं दीड मीटर खोल आणि पसरट, तिथे शेवाळ वाढतं, शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि त्यावर बाकीचे बॅक्टेरिया काम करतात, म्हणजे ब्लोअरचं काम ऊन करतं. त्यापुढे एक मीटरची दोन उथळ तळी, तिथे उन्हानं आणि वेळेनं रोगजंतू मरतात. तुमच्या पाण्याला माझ्या हिशोबानं सगळं धरून, बांध-रस्ता पकडून, दोन ते अडीच एकर लागेल. वीज जवळजवळ नाहीच, गावाचा उतार नीट वापरला तर पंपसुद्धा नाही. आणि चार दिवस कोणी फिरकलं नाही तरी ते चालू राहतं. ते बिघडतं गाळ भरून, पण त्याला काही वर्षं लागतात, तेवढ्यात एखादी ग्रामसभा तरी होईलच.

तोटे पण सांगते. तळ्यातून निघणारं पाणी हिरवट असतं, शेवाळामुळे टीएसएस जास्त दिसतो. केंद्राच्या 2017 च्या नोटिफिकेशनमध्ये महानगर सोडून बाकीकडे बीओडी 30 आणि फीकल कोलिफॉर्म 1000 च्या आत असं आहे, पण 2019 मध्ये एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवादानं) याहून कडक आकडे धरायला सांगितलं. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून कन्सेंट (प्लांटची परवानगी) घेताना तुम्हाला कोणता आकडा लिहून देतात ते आधी बघायचं. बीओडी 10 लिहिला तर नुसत्या तळ्यावर भागणार नाही, शेवटी गिट्टीचा फिल्टर किंवा कर्दळ-पाणकणीस लावलेला वाफा जोडावा लागेल. दुसरा तोटा डासांचा. तळ्याच्या मध्यभागी डास होत नाहीत, ते काठच्या गवतात होतात, आणि आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारा क्युलेक डास घाण पाण्यातच वाढतो, म्हणून काठाला दगडी पिचिंग पाहिजेच आणि दर पंधरा दिवसांनी गवत काढणारा माणूस पाहिजे. घरांपासून दोनशे मीटर तरी लांब, आणि वारा कुठून वाहतो ते बघून.

तुम्ही नीरीच्या फायटोरिडबद्दलही विचारलंय. गिट्टीच्या वाफ्यात झाडं लावून पाणी जमिनीखालून सोडायची पद्धत, चांगली आहे, वास नाही, डास नाही. शाळा, वसतिगृह, एखादा वॉर्ड यासाठी मी नक्की सुचवते. पण उघड्या नालीचं पाणी त्यात सरळ सोडलं की पावसाळ्यातली माती गिट्टीत जाऊन बसते आणि वाफा चोंदतो, मग सगळी गिट्टी काढून धुवायची आणि परत भरायची, त्या खर्चाला कोणी तयार नसतं. त्याच्या आधी गाळ बसवणारी टाकी (सेटलर) आणि बॅफलवाली, म्हणजे आत आडभिंती असलेली टाकी असेल तरच. जागा दोन एकर मिळत नसेल तर तुमच्यासाठी हाच दुसरा पर्याय: सेटलर, बॅफल टाकी, मग झाडांचा वाफा. यालाही वीज लागत नाही.

कोणताही पर्याय घ्या, तोंडाशी जाळी लागणारच आणि तिथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे, खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) प्लास्टिकच्या पन्न्या. बाहेरच्या सल्लागाराला हे माहीत नसतं. शेवया अडकाव्यात तशा त्या जाळीच्या सळयांना गुंडाळतात, दोन तासांत जाळी बंद आणि पाणी वरून. एमबीबीआरमध्ये ह्याच पन्न्या आत गेल्या की आतल्या चाळणीवर बसतात. म्हणून एक नाही, दोन जाळ्या ठेवा, आधी दोन इंच गाळ्याची मग पाऊण इंचाची, तिरप्या, वरून लोखंडी पंज्यानं ओढता येतील अशा, उभं राहायला सिमेंटचा ओटा आणि काढलेला कचरा निथळायला भोकाचा पत्रा. हे दिसायला किरकोळ आहे पण रोज सकाळी ज्याला ते काम करायचंय त्याला नालीत वाकून हातानं पन्नी काढायला लागली तर तो आठ दिवसांत काम सोडेल, आणि त्यानं सोडलंच पाहिजे.

पावसाळ्यासाठी जाळीच्या आधी एक बाजूचा सांडवा ठेवायचा. उन्हाळ्यातल्या सरासरीच्या तीन पटीपर्यंत पाणी आत, त्याच्यावरचं पावसाचं पाणी बाहेर. नाहीतर जुलैतल्या एका पावसात वर्षभराचा गाळ धुऊन तलावात जाईल.

जमिनीचं बोलू. तुमच्याकडे काळी भारी जमीन असेल तर तिचे दोन स्वभाव आहेत. शोषखड्ड्याला ती वैरी आहे, पावसाळ्यात फुगते आणि पाणी पीतच नाही, म्हणून तुमच्या गावात "शोषखड्डे केले पण फेल गेले" असं झालं असेल तर त्यात लोकांची चूक नाही. पण तळ्याच्या तळाला तीच माती ओली ठेवून रोलरनं दाबली तर चांगली पाणी धरते, वेगळं प्लास्टिक लागत नाही, फक्त तळं रिकामं करून उन्हात ठेवायचं नाही, भेगा पडतात. काँक्रीटची टाकी मात्र थेट काळ्या मातीवर बसवू देऊ नका, खालून मुरूम भरून घ्या, आणि भर पावसाळ्यात टाकी रिकामी करू नका, खालच्या पाण्यानं टाकी वर उचलली जाते.

आणि जागेचा सातबारा आजच बघा. आपल्या नागपूर विभागात सरकारी पडीक जागा म्हणून दाखवतात ती बरेचदा झुडपी जंगल निघते. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल हे वनजमीनच धरायचं असा निकाल दिलाय, म्हणजे वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथे कुदळ मारता येणार नाही. तलाठ्याकडून जुन्या नोंदीसकट उतारा घ्या, आधी जागा मग डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल).

आत्तापर्यंतचं थोडक्यात: तीन दिवस पाणी मोजायचं, नमुना तपासायचा, कन्सेंटचा आकडा विचारायचा, सातबारा बघायचा, आणि मग तळी की बॅफल-वाफा ते ठरतं. 1 एमएलडीच्या कोटेशनवर तोपर्यंत सही नाही.

आता जे कोटेशनमध्ये कुठेच नसतं ते, सेप्टिक टँकचा मैला. नाल्यांतून येतं ते बहुतेक आंघोळ-भांडी-कपड्यांचं पाणी आणि टँकचं ओव्हरफ्लो. खरा दाट मैला टँकमध्ये बसलेला असतो आणि तो उपसून गाडीवाला कुठे ओततो हे गावात सगळ्यांना माहीत असतं, कोणी बोलत नाही. हा मैला नालीच्या पाण्यापेक्षा दहापट आणि त्याहूनही तीव्र असतो, 5000 लिटरची एक गाडी तुमच्या प्लांटच्या तोंडाशी ओतली तर पूर्ण दिवसाचा समतोल जातो. गावात 1200 टँक धरा, एकेकात 3000 लिटर, दर तीन वर्षांनी उपसायचे, म्हणजे वर्षाला 400 टँक, कामाच्या दिवसाला साधारण 4000 लिटर. म्हणजे रोजची एक गाडी. त्याच्यासाठी तळ्याच्या बाजूला वाळूचे वाफे करा, वाळूवर मैला पसरायचा, पाणी खालून निथळून तळ्यात, वरचा थर उन्हात वाळतो. एप्रिल-मेमध्ये दहा-पंधरा दिवसांत भेगा पडून पापडासारखा उचलता येतो. तो लगेच शेतात नाही टाकायचा, जंतांची अंडी त्यात महिनोन्महिने जिवंत राहतात, कचऱ्याबरोबर कंपोस्ट करून किंवा निदान वर्षभर झाकून ठेवूनच द्यायचा. मामला मोठा वाटतो पण महाराष्ट्रात वाई आणि सिन्नरनं वॉर्ड ठरवून, पाळीपाळीनं टँक उपसायची पद्धत बसवलीये, ते लोक भेट द्यायला येऊ देतात, जाऊन या.

आणि हे हात जोडून सांगते. टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. रिकामा दिसतो तेव्हासुद्धा नाही, "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून तर अजिबात नाही. तळाचा गाळ ढवळला की गॅस सुटतो, थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त असेल तर नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, म्हणजे वास नाही म्हणून सुरक्षित आहे असं वाटतं आणि तिथेच माणूस कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. 2013 च्या कायद्यानं हे बंद आहे, आणि मृत्यू झाला तर 30 लाखांची भरपाई असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलंय, पण आकड्यासाठी नाही, त्या घरासाठी म्हणते. ग्रामपंचायतीनं ठराव करून ठेवा की गाडीवाल्यानं माणूस उतरवला तर त्याची परवानगी रद्द.

पैशाचं. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांवरच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 660 रुपयांपर्यंत धरलेत, तुमच्या नऊ हजाराला 59 लाख 40 हजार होतात, त्यातला 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून घालायचा. मैल्याच्या कामाला माणशी 230 रुपयांपर्यंत वेगळे. तळी बहुतेक मातीकाम असल्यानं या पैशात बसवायचा प्रयत्न करता येतो, यंत्रांचा प्लांट यात बसणं कठीण. आणि बांधायला पैसा मिळतो, चालवायला कोणी देत नाही. म्हणून टेंडरमध्ये पाच वर्षांचं चालवणं बांधणाऱ्याकडेच ठेवा, आणि दर महिन्याचं बिल पाण्याच्या रिपोर्टला जोडा, रिपोर्टचा नमुना ग्रामपंचायतीच्या माणसानं घ्यायचा, कंत्राटदारानं नाही. दोन माणसं गावातलीच लावा. मी आतापर्यंत सगळ्यात चांगला सांभाळलेला प्लांट पाहिला तो एका दहावी झालेल्या मुलाचा होता, बाजूलाच त्याचं शेत होतं आणि प्लांटचंच पाणी त्याला मिळायचं. सकाळी तो एक लिटरच्या काचेच्या नळीत गाळ अर्धा तास बसवून बघायचा आणि रंगावरून सांगायचा की आज बरं नाहीये. मीटर नंतर तेच सांगायचं.

यावरून शेवटचं, तलावाचं. तुमचे मासे पहाटे मेले असणार. सोसायटीच्या लोकांना विचारा, आदल्या दिवशी पाणी हिरवंगार होतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते असंच सांगतील. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ वाढतं, दिवसा ते ऑक्सिजन देतं पण रात्री तेच ऑक्सिजन खातं, त्यात ढग आले किंवा पाणी उतरलं की सूर्योदयाआधी तलावात श्वास घ्यायला काही उरत नाही. इथे एक गोष्ट कोणी सांगणार नाही ती सांगते: तळी असोत की एमबीबीआर, साध्या प्लांटनं बीओडी जातो, फॉस्फरस बराचसा तसाच राहतो. म्हणजे शुद्ध केलेलं पाणीसुद्धा तलावातच सोडलंत तर जलकुंभी आणि शेवाळ येतच राहील आणि दोन वर्षांनी लोक म्हणतील प्लांट असून काय उपयोग झाला. शक्य असेल तर ते पाणी तलावाला वळसा घालून शेतीला द्या, पिकाला तोच फॉस्फरस खत आहे. कापूस, तूर, चारा, बांधावरची झाडं याला बिनघोर. सांबार (कोथिंबीर), पालक, मुळा असलं कच्चं खायचं किंवा जमिनीलगतचं मात्र नाही, कोलिफॉर्म 1000 च्या आत सलग आल्याशिवाय तर नाहीच. नागपूरच्या भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तिथे घेणारा ठरलेला होता म्हणून ते टिकलं, तुमचा घेणारा शेतकरी आहे, त्याला पहिल्या बैठकीपासून बसवा. तलाव उन्हाळ्यात या पाण्यावरच भरलेला राहत असेल तर मात्र सगळं एकदम वळवू नका, आधी सोसायटीशी बोला, पाणीच गेलं तरी मासे जातात.

आता मला तीन गोष्टी पाठवा: तीन दिवसांची तासातासाची पट्टीची रीडिंग, गावाच्या सगळ्यात खालच्या बाजूच्या सरकारी जागेचे गट नंबर उताऱ्यासकट, आणि मासे मेले तो दिवस कोणता आणि त्याच्या आधी पाऊस किंवा ढग होते का. तिसऱ्याचं उत्तर सोसायटीतल्या जुन्या माणसाकडे असेल, आणि मोजायला बसाल तेव्हा त्यालाच सोबत घ्या, नालीचं पाणी तलावात शिरतं ती जागा त्याला रात्री अंधारातही माहीत असते. मेच्या पहिल्या आठवड्यात मोजलंत तर मी त्या रविवारी येऊन पत्रा बरोबर बसलाय का बघून जाईन.